‘पणजी’ची वेलांटी गेली कुठे?

पायथनमधल्या चुका कोण शोधतं, कोण दुरुस्त करतं आणि त्यात आपण कुठे येतो

तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी ना कुणी पायथन शिकत असेलच. सीबीएसईच्या अकरावी-बारावीला कॉम्प्युटर सायन्स घेतलं की पायथन आलंच, आणि इंजिनीअरिंगला तर त्याच्यावाचून पान हलत नाही. अशा मुलाला किंवा मुलीला एक छोटं काम सांगून पाहा.

मजकुरातून शब्द वेगळे काढण्यासाठी पायथनमध्ये ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ नावाची सोय आहे. तिच्यात बॅकस्लॅश आणि त्याला चिकटून डब्ल्यू हे अक्षर, ही जोडी म्हणजे ‘शब्दात येऊ शकणारं अक्षर’ अशी खूण. ही खूण वापरून ‘पणजी’ या मजकुरातले शब्द शोधायला सांगा. उत्तर येतं ‘पणज’. वेलांटी गायब! ‘बडोदा’ दिलंत तर ‘बड’ आणि ‘द’ असे दोन शब्द मिळतात. ‘बेळगाव’चे तीन तुकडे होतात: ‘ब’, ‘ळग’, ‘व’. ‘इंदूर’चेही तीन, ‘हैदराबाद’चे चार, आणि ‘ग्वाल्हेर’चे तर पाच. ‘हळदीकुंकू’ दिलंत तर हळद शाबूत राहते आणि कुंकवाचे नुसते दोन ‘क’ उरतात.

कारण समजायला सोपं आहे. जगातल्या सगळ्या लिप्यांमधल्या प्रत्येक चिन्हाला युनिकोडने एक क्रमांक आणि एक वर्ग दिला आहे. ‘क’, ‘ग’, ‘ळ’ यांचा वर्ग ‘अक्षर’. काना, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त यांचा वर्ग ‘अक्षराला लागणारं चिन्ह’. पायथनची ती खूण अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर एवढ्यांनाच शब्दात जागा देते. चिन्ह आलं की तिच्या लेखी शब्द संपला. रोजच्या इंग्रजी मजकुरात अशी वेगळी चिन्हं येतच नाहीत, त्यामुळे तिथे कुणाचं काही अडत नाही.

गंमत म्हणजे हेच पायथन इतर ठिकाणी देवनागरीशी फार सौजन्याने वागतं. ‘१२३’ असे मराठी अंक दिले तर ते बिनतक्रार त्याची संख्या करतं. ‘मराठी’ हे नाव व्हेरिएबलला देता येतं. २००८ साली पायथन ३ आलं तेव्हापासून ही मुभा आहे. पण ‘या मजकुरात सगळी अक्षरंच आहेत ना?’ हे तपासणारी ‘इज-अल्फा’ नावाची जी सोय आहे, ती ‘कमल’ला हो म्हणते आणि ‘सीता’ला नाही. ‘अमर’ पास, ‘गौरी’ नापास. एखाद्याने नाव भरायच्या फॉर्ममध्ये ही तपासणी लावली, तर कमलताई सभासद होतील आणि सीताबाई दारातच अडकतील. पायथन ३.१२ मध्ये हे सगळं असंच चालतं.

आता प्रश्न असा, की ही चूक म्हणायची का? म्हणायची तर ती सांगायची कुणाला? आणि सांगितल्यावर पुढे काय होतं?

मालक कोण?

पायथनला मालक नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. १९८९ च्या डिसेंबरात नेदरलँड्समधल्या ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या गणित आणि संगणकशास्त्राच्या संस्थेत काम करणारे खिदो व्हान रॉसम यांनी नाताळच्या सुटीत हा उद्योग सुरू केला. १९९१ साली त्यांनी तो लोकांसमोर ठेवला. नाव घेतलं ‘माँटी पायथन’ या ब्रिटिश विनोदी मंडळीवरून. सापाचा संबंध नंतर लोकांनी जोडला. २००१ पासून पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन ही ना-नफा संस्था त्याचे हक्क सांभाळते. भाषेचा सगळा कोड कुणीही वाचू शकतं आणि बदल सुचवू शकतं. ओपन सोर्सचा अर्थ हाच.

पण कुणीही सुचवू शकतं म्हणजे कुणीही बदलू शकतं असं नाही. शेवटचा शब्द अनेक वर्षं खिदो यांचा असायचा. २०१८ च्या जुलैमध्ये एका छोट्या नव्या चिन्हावरून इतका वाद झाला की त्यांनी त्या जबाबदारीतून निवृत्ती जाहीर केली. २०१९ पासून पाच जणांचं निवडून आलेलं मंडळ मोठे निर्णय घेतं. रोजचं काम ‘कोअर डेव्हलपर’ म्हणवणारी माणसं करतात. त्यांतले बरेचसे नोकरी सांभाळून, रात्री किंवा शनिवार-रविवारी. आपल्या मंडळाची कार्यकारिणी चालते तसंच म्हणा ना: पगार नाही, पण पंखा बंद पडला की सगळे यांच्याकडेच बघणार.

तक्रारवही

या मंडळींकडे एक तक्रारवही आहे. आधी ती सोर्सफोर्ज नावाच्या ठिकाणी होती, २००७ पासून पायथनच्या स्वतःच्या व्यवस्थेत, आणि २०२२ पासून गिटहबवर. ठिकाणं बदलली तरी जुन्या नोंदी सोबत नेल्या गेल्या. त्यामुळे वीस वर्षांपूर्वी कुणी काय म्हटलं आणि त्याला काय उत्तर मिळालं, हे आजही वाचता येतं.

या वहीत रोज भर पडते आणि प्रत्येक नोंद कुणीतरी माणूस वाचतो. या वाचण्याला आणि वर्गवारी करण्याला ‘ट्रायाज’ म्हणतात. हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत आधी कुणाला बघायचं हे जसं ठरवतात, तसंच. ही चूक आहे की नवी मागणी? पायथन कोसळतं आहे का? सुरक्षेचा प्रश्न आहे का? हेच कुणी आधी सांगितलं आहे का? ज्यांना अजून कोड बदलण्याचा अधिकार नाही, पण वाचण्याची आणि पारखण्याची नजर आहे, अशांनाही या कामासाठी अधिकार देतात.

वहीत येणाऱ्या बऱ्याच नोंदी चुका नसतातच. ठरलेलं उदाहरण सांगतो. पायथनला ०.१ अधिक ०.२ विचारलं तर उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. नवा विद्यार्थी हे पाहून हमखास चक्रावतो. पण संगणक दशांश अपूर्णांक दोनच्या पाढ्यात साठवतो, आणि एक दशांश त्या पाढ्यात नेमका बसत नाही, जसा एक तृतीयांश आपल्या दशांशात बसत नाही. २.६७५ दोन स्थळांपर्यंत पूर्ण करायला सांगितलं की २.६८ ऐवजी २.६७ येतं, त्याचंही कारण हेच, आणि पायथनच्या अधिकृत माहितीतच लिहून ठेवलं आहे की ही चूक नव्हे. तरी विचारणारे विचारतात आणि कुणीतरी शांतपणे तेच उत्तर पुन्हा देतं.

मग चांगली तक्रार कशी असते? तिच्यात तीन गोष्टी असतात: मी काय केलं, मला काय अपेक्षित होतं आणि प्रत्यक्षात काय झालं. सोबत पायथनची आवृत्ती आणि संगणकाची माहिती. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चूक दाखवणारं लहानात लहान उदाहरण. ‘माझा प्रोजेक्ट चालत नाही, सोबत पाचशे ओळी जोडल्या आहेत’ ही तक्रार कुणी उघडत नाही. ‘या तीन ओळी चालवा, अमुक यायला हवं, तमुक येतं’ ही तक्रार लगेच वाचली जाते. पाचशे ओळींच्या तीन ओळी करताना अनेकदा चूक आपल्याच कोडमध्ये सापडते, आणि तक्रार लिहायची वेळच येत नाही.

एक तक्रार, पुराव्यासकट

चांगल्या तक्रारीचा एक नमुना मला फार आवडतो. पायथनमध्ये यादी क्रमाने लावण्याची जी रीत आहे ती टिम पीटर्स यांनी २००२ साली लिहिली. तिला ‘टिमसॉर्ट’ म्हणतात. ती इतकी चांगली ठरली की जावा आणि अँड्रॉइडनेही तीच घेतली. कोट्यवधी यंत्रांवर ती वर्षानुवर्षं चालली. २०१५ च्या फेब्रुवारीत काही युरोपीय संशोधकांनी ती गणिताने अचूक सिद्ध करायला घेतली. सिद्धता काही पुरी होईना, कारण रीतीतच एक बारीक फट होती!

जावामध्ये सुमारे ६ कोटी ७१ लाख घटकांची खास रचलेली यादी दिली की कार्यक्रम कोसळायचा. पायथनमध्ये तेच घडवायला दोनचा ४९ वा घात, म्हणजे सुमारे ५६३ लाख कोटी घटक लागले असते. एवढी यादी मावेल असा संगणक कुणाकडे नाही. तरीही पायथनच्या मंडळींनी ‘कुणाला कधी अडणार?’ असं म्हटलं नाही. संशोधकांनी चूक, तिचं कारण आणि दुरुस्ती असं सगळं सोबत दिलं होतं. पायथनने ती दुरुस्ती लगेच स्वीकारली. जावाने मूळ फट न बुजवता आतली जागा वाढवण्याचा मार्ग आधी धरला. योगायोग असा, की या संशोधकांपैकी काही जण ॲमस्टरडॅमच्या त्याच सीडब्ल्यूआय संस्थेतले होते, जिथे पायथनचा जन्म झाला.

तक्रारीसोबत पुरावा असला, आणि दुरुस्तीने दुसऱ्या कुणाचं काही बिघडत नसलं, की काम भरभर होतं. दुसरी अट महत्त्वाची आहे. ती का, ते पुढे येईलच.

दुरुस्तीचा प्रवास

समजा, तुम्हाला चूक सापडली आणि दुरुस्तीही सुचली. अशा सुचवलेल्या दुरुस्तीला ‘पॅच’ म्हणतात, म्हणजे ठिगळ. ते लागेपर्यंत काय काय होतं?

आधी एका करारावर सही करावी लागते, की हा कोड माझा आहे आणि फाउंडेशनने तो वापरायला माझी हरकत नाही. मग दुरुस्तीसोबत चाचणी लिहावी लागते. ही चाचणी जुन्या कोडवर नापास आणि नव्या कोडवर पास व्हायला हवी. तीच पुढे पहारेकरी होते. उद्या कुणी नकळत तीच चूक परत आणली तर ती ओरडते. मग काय बदललं याची दोन ओळींची बातमी लिहायची, जी पुढच्या आवृत्तीच्या बदलांच्या यादीत जाते. विंडोज, मॅक, लिनक्स अशा वेगवेगळ्या यंत्रांवर हजारो चाचण्या आपोआप चालतात. सगळं हिरवं आलं की कोअर डेव्हलपर कोड वाचतो आणि शंका विचारतो. तुम्ही बदल करता, तो पुन्हा वाचतो.

या प्रवासात तुम्हाला काही यंत्रमानवही भेटतात. ‘बेडेव्हिअर’ नावाचा एक कार्यक्रम दुरुस्ती कुठल्या टप्प्यावर आहे त्याची चिठ्ठी लावत फिरतो. ‘मिस इस्लिंग्टन’ मंजूर झालेली दुरुस्ती जुन्या आवृत्त्यांमध्ये नेऊन लावते. ही नावं माँटी पायथनच्या १९७५ च्या ‘होली ग्रेल’ या चित्रपटातल्या पात्रांची. मिस इस्लिंग्टन लिहिलं मारियाटा विजया यांनी. २०१७ साली त्या पायथनच्या पहिल्या महिला कोअर डेव्हलपर झाल्या. तोच तो जुन्या आवृत्त्यांमध्ये दुरुस्ती नेण्याचा कंटाळवाणा उद्योग माणसांनी का करायचा, असा सरळ विचार त्यामागे होता.

जुन्या आवृत्त्या कशाला सांभाळायच्या? पायथनची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरात येते, पण बँका, कॉलेजं, दवाखाने दरवर्षी बदलत नाहीत. म्हणून प्रत्येक आवृत्तीचा पाच वर्षं सांभाळ होतो. सुरुवातीला सगळ्या चुकांच्या दुरुस्त्या मिळतात, नंतर फक्त सुरक्षेच्या. इथे एक कडक नियम आहे: चुकीची दुरुस्ती जुन्या आवृत्तीत जाऊ शकते, नवी सोय जाऊ शकत नाही. म्हणूनच ‘ही चूक की मागणी?’ या प्रश्नावर कधी कधी पानंच्या पानं चर्चा होते.

आणि वाट पाहावी लागते. पॅच लिहिणारे पुष्कळ, वाचणारे थोडे, ही ओपन सोर्सची कायमची अडचण. ती इतकी वाढली की २०२१ साली फाउंडेशनने लुकाश लांगा यांना पूर्णवेळ पगारावर नेमलं. साचलेल्या दुरुस्त्या वाचून मार्गी लावणं हा त्यांच्या कामाचा मोठा भाग होता.

अठरा वर्षं

आता ती दुसरी अट. अनेक फायली एकत्र बांधायच्या एका गाठोड्याला ‘टार’ म्हणतात. पायथनमध्ये ते गाठोडं सोडण्याची सोय आहे. गाठोड्यातल्या फायलीच्या नावातच ‘एक घर वर जा, आणखी एक घर वर जा’ असं लिहिलेलं असलं, तर ती ठरलेल्या फोल्डरच्या बाहेर जाऊन भलत्याच फायलीवर बसू शकते. कुरिअरवाल्याने तुमचं पार्सल उघडलं आणि त्यातली एक वस्तू उठून शेजाऱ्याच्या कपाटात जाऊन बसली, असं काहीसं.

ही तक्रार २००७ साली नोंदली गेली. तेव्हा असं ठरलं, की टार हा प्रकार असाच चालतो, म्हणून माहितीत इशारा लिहावा: परक्याचं गाठोडं तपासल्याशिवाय सोडू नका. इशारे कोण वाचतं! २०२२ मध्ये ट्रेलिक्स या कंपनीच्या संशोधकांना तीच फट नव्याने सापडली, आणि साडेतीन लाखांहून जास्त ओपन सोर्स प्रकल्पांना तिचा धोका असल्याचा अंदाज त्यांनी मांडला.

मग एका ओळीत का बंद केली नाही? कारण कुणीतरी त्याच वागण्यावर विसंबून होतं. सर्व्हरचा बॅकअप परत आणणाऱ्याला फायली फोल्डरबाहेर जायलाच हव्या असतात. म्हणून पायऱ्या पाडल्या. २०२३ च्या ३.१२ मध्ये ‘फक्त सुरक्षित तेवढंच सोड’ अशी गाळणी आली, पण ती मागावी लागायची. न मागणाऱ्याला इशारा दिसायचा. २०२५ च्या ३.१४ मध्ये ती गाळणी आपोआप लागू झाली. तक्रारीपासून इथपर्यंत अठरा वर्षं!

चीड येते, हे खरं. पण ज्या भाषेवर जग चालतं तिच्यातली एक ओळ बदलणं हे चालत्या रेल्वेचा रूळ बदलण्यासारखं आहे.

आपली वेलांटी

आणि आता आपली वेलांटी. तिचीही तक्रार झालेली आहे, आणि तीही २००७ सालीच. देवनागरी मजकुरातून शब्द काढायला गेलं की त्यांचे बारीक तुकडे होतात, बहुधा काना-मात्रांची चिन्हं मोजली जात नाहीत म्हणून, अशी ती नोंद होती. २०११ साली आणखी एक सविस्तर नोंद झाली. युनिकोडची रेग्युलर एक्स्प्रेशनसाठीची जी मार्गदर्शक सूत्रं आहेत, त्यांच्याशी पायथनची ही खूण जुळत नाही, असं तिचं म्हणणं होतं. त्या सूत्रांप्रमाणे अशी चिन्हं शब्दाचाच भाग धरायला हवीत.

मग अजून का झालं नाही? टारची गोष्ट आठवली की अडचण कळते. पायथनच्या माहितीत स्पष्ट लिहिलं आहे की ही खूण अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर यांच्यासाठी आहे. म्हणजे ती लिहिल्याप्रमाणेच वागते आहे. मग ही चूक की मागणी? बदल केला तर देवनागरीच नव्हे, तमिळ, थाई, अरबी, हिब्रू अशा सगळ्या लिप्यांमध्ये उत्तरं बदलतील. जुन्या उत्तरांवर विसंबून असलेले कार्यक्रम बिघडू शकतात. प्रत्येक लिपीची उदाहरणं आणि चाचण्या कुणीतरी लिहायला हव्यात, आणि त्या लिपीत वाचणारी माणसं त्या चर्चेत मोजकीच. दरम्यान ज्यांना अडतं ते ‘रेजेक्स’ नावाची वेगळी लायब्ररी वापरतात, जिच्यात या चिन्हांना शब्दात जागा आहे. वाट निघाली की घाई उरत नाही.

इथे एक खास आपला मुद्दा आहे. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला तो आडवा अर्धा र पाहा. मराठीत आणि कोकणीत तो रोज लागतो, हिंदीत लागत नाही. संगणकात तो दोन तऱ्हांनी साठवला जातो. एका तऱ्हेत त्याच्यासाठी नुक्त्याचा वेगळा र असतो. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. हे जोडचिन्ह युनिकोडच्या लेखी अक्षरही नाही आणि काना-मात्रेच्या वर्गातलं चिन्हही नाही. युनिकोडच्या सूत्रांनी त्याचा विचार केला आहे. पण समजा, उद्या कुणी फक्त हिंदीची उदाहरणं समोर ठेवून दुरुस्ती लिहिली आणि फक्त काना-मात्रांना शब्दात घेतलं, तर हिंदीचे सगळे शब्द नीट होतील आणि आपल्या ‘दऱ्या’चे दुसऱ्या तऱ्हेने लिहिल्यास पुन्हा दोन तुकडे पडतील. हिंदी चालली, म्हणजे मराठीही चालणार, असं सगळे धरून चालतील.

हे पुण्या-मुंबईत राहणाऱ्याला जेवढं जाणवेल, तेवढंच इंदूर-बडोद्यात वाढलेल्याला किंवा मडगावात कोकणी-मराठी दोन्ही वाचणाऱ्यालाही. उलट आपल्याला जास्तच, कारण एकाच मजकुरात दोन-तीन भाषा आणि लिप्या आपल्या रोजच्या आहेत. वेलांटी गेल्याचं जे पाहू शकतं, त्यानेच ते सांगायचं असतं. नेदरलँड्समधल्या किंवा पोलंडमधल्या माणसाने ते ओळखावं ही अपेक्षाच चुकीची.

सुरुवात करणाऱ्यांसाठी

आपल्याकडची इंजिनीअरिंगची मुलं मला नेहमी विचारतात, ‘दादा, ओपन सोर्समध्ये काँट्रिब्यूशन कसं करायचं? रेझ्युमेवर चांगलं दिसतं म्हणतात.’ रेझ्युमेचा विचार करण्यात गैर काही नाही. पण आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. ऑक्टोबरात ‘हॅक्टोबरफेस्ट’ नावाचा उपक्रम असतो. २०२० साली त्यात चार पॅच पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळणार होता. जगभरातून, आणि आपल्या देशातूनही, नुसते एखाद-दोन शब्द इकडे-तिकडे केलेल्या पॅचांचा पूर आला. स्वयंसेवकांचे तास ते पॅच बंद करण्यात गेले. शेवटी आयोजकांना उपक्रम चालू असतानाच नियम बदलावा लागला, की ज्या प्रकल्पांना चालेल त्यांनीच भाग घ्यावा.

आता त्याच्या पुढची पायरी आली आहे. २०२४ च्या डिसेंबरात फाउंडेशनचे सुरक्षेचं काम पाहणारे सेथ लार्सन यांनी जाहीरपणे लिहिलं, की एआयकडून लिहून घेतलेल्या सुरक्षेच्या खोट्या तक्रारी वाढत आहेत. त्या वरवर खऱ्या वाटतात, म्हणून तपासाव्या लागतात, आणि तपासणाऱ्याचा वेळ आणि उमेद दोन्ही खातात. एआयची मदत घ्या, पण जे पाठवाल ते आधी स्वतः चालवून पाहिलेलं आणि स्वतःला समजलेलं असू द्या.

मग सुरुवात कुठून करायची? कोड लिहिण्याच्या आधी करण्यासारखं पुष्कळ आहे. तक्रारवहीतली एखादी जुनी नोंद घ्या, ती चूक आजच्या आवृत्तीत अजून होते का ते चालवून पाहा, आणि जे दिसलं ते दोन ओळींत लिहा. ‘३.१४ वर, विंडोजवर पाहिलं, अजून होतं’ एवढ्या वाक्यालाही किंमत आहे. अधिकृत माहितीत जिथे आपण अडखळलो तिथलं वाक्य सुधारून पाठवा. दुसऱ्याचा पॅच आपल्या संगणकावर लावून तपासा. ‘ईझी’ अशी चिठ्ठी लावलेल्या नोंदी नव्या माणसांसाठी ठेवलेल्या असतात. त्यांतली एक घ्या आणि पुरी करा.

इंग्रजीची भीती नको. तिथे जर्मन, पोलिश, जपानी, ब्राझिलियन सगळेच आपापलं इंग्रजी लिहितात. छोटी सरळ वाक्यं पुरतात. ‘रिस्पेक्टेड सर’ लिहायची गरज नाही. नाव घेऊन बोलायची तिथली रीत आहे, आणि तुमचं म्हणणं खरं असेल तर तुम्ही सेकंड इयरला आहात की साठीचे, हे कुणी विचारत नाही. उत्तर आलं नाही तर रोज आठवण करू नका. महिन्याभराने एकदा नम्रपणे विचारा. आणि ‘नाही’ असं उत्तर आलं, तर त्यामागचं कारण नीट वाचा. त्यातून भाषा जेवढी कळते तेवढी कुठल्याही क्लासमध्ये कळत नाही.

या सुटीत एक करा. तुमचं नाव, आडनाव, मूळ गाव आणि आताचं गाव पायथनला द्या. प्रत्येकाचे किती तुकडे होतात ते कागदावर लिहा. आडव्या र चे शब्द दोन्ही तऱ्हांनी टाईप करून पाहा. जे काही विचित्र दिसेल ते तीन ओळींत मांडा: काय केलं, काय हवं होतं, काय आलं. मग तक्रारवहीत शोधा, की हे आधी कुणी सांगितलं आहे का. सांगितलं असेल तर त्याच नोंदीखाली आपलं मराठी उदाहरण जोडा. देवनागरीची चाचणी लिहायला कुणी बसेल, तेव्हा त्याच्यासमोर ‘हिन्दी’ या शब्दाच्या जोडीला ‘वाऱ्यावर’ हा शब्दही असला पाहिजे.